विश्लेषण : मोठ्या विद्यापीठांची दारे बंद असताना जॉन मॅक्लेंडन यांनी सलग तीन वेळा विजेता ठरलेला संघ कसा उभारला?

अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम एप्रिलच्या सुरुवातीला संपतो आणि लगेच दुसरी धावपळ सुरू होते. कोणता खेळाडू राहणार, कोण दुसऱ्या विद्यापीठात जाणार, रिकाम्या झालेल्या जागी कुणाला घ्यायचे, याचीच चर्चा सगळीकडे असते. २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले. २०२१ मध्ये एक हंगाम बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी खेळाडूंना स्वत:चे नाव आणि छबी वापरून पैसे कमावण्याची परवानगीही मिळाली. याचा सर्वाधिक फटका छोट्या महाविद्यालयांना बसतो आहे. त्यांनी खेळाडू शोधायचा, घडवायचा आणि तो नावारूपाला आला की मोठ्या विद्यापीठाने त्याला न्यायचे, असे चित्र दिसते.

मात्र छोट्या महाविद्यालयांची ही अडचण आजची नाही. ती समजून घ्यायची तर जॉन मॅक्लेंडन यांचे आयुष्य पाहावे लागते. मोठी विद्यापीठे ज्या मुलांकडे पाहतही नव्हती, त्या मुलांना घेऊन त्यांनी संघ बांधले. सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. आणि या यशामुळे जी दारे उघडली, त्याच दारांतून पुढे त्यांच्यासारख्या महाविद्यालयांचे खेळाडू निघून गेले.

‘छोटे महाविद्यालय’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ अनेक स्तरांवर खेळले जातात. ड्यूक, कॅन्सस, नॉर्थ कॅरोलिना ही टीव्हीवर दिसणारी नावे एनसीएए या संघटनेच्या ‘डिव्हिजन वन’मधील आहेत. त्याखाली डिव्हिजन टू आणि डिव्हिजन थ्री आहेत. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. याशिवाय एनएआयए ही छोट्या महाविद्यालयांची स्वतंत्र संघटना आहे. मैदानावर एका वेळी पाचच खेळाडू असतात, पण संघयादी म्हणजेच ‘रोस्टर’ मोठे असते. त्या यादीत कुणाला घ्यायचे, किती शिष्यवृत्त्या कुणात वाटायच्या, कोण किती वर्षे टिकेल, यावर प्रशिक्षकाचे भवितव्य ठरते. छोट्या महाविद्यालयाकडे पैसा कमी आणि प्रसिद्धी त्याहून कमी. त्यामुळे तिथे खेळाडू हेरण्याची नजर हेच मोठे भांडवल असते.

१९३०च्या दशकात मात्र या सगळ्याच्या वर आणखी एक भिंत होती. ती वर्णभेदाची होती. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या विद्यापीठांत प्रवेशच नव्हता. त्यांच्यासाठी वेगळी महाविद्यालये होती आणि त्यांचे संघही आपापसातच खेळत.

बास्केटबॉलच्या जनकाचा विद्यार्थी

मॅक्लेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील हायवाथा येथे झाला. ते कॅन्सस सिटीत वाढले. १९३३ मध्ये त्यांनी कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणासाठी प्रवेश घेतला. तिथे डॉ. जेम्स नेस्मिथ शिकवत होते. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचा शोध लावणारे हेच ते नेस्मिथ. ते मॅक्लेंडन यांचे मार्गदर्शक झाले.

गुरू खेळाचा जनक, पण शिष्याला विद्यापीठाच्या संघात जागा नव्हती. कॅन्ससच्या बास्केटबॉल संघात तेव्हा कृष्णवर्णीयांना घेतच नसत. त्या संघाला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मिळाला तो १९५१ मध्ये, म्हणजे मॅक्लेंडन पदवी घेऊन बाहेर पडल्यानंतर १५ वर्षांनी. जलतरण तलावावरूनही संघर्ष झाला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तलावात उतरू नये अशी तिथली रीत होती. मॅक्लेंडन उतरले, तेव्हा तलावातील पाणी सोडून देण्यात आले. त्यांनी माघार घेतली नाही आणि नेस्मिथ त्यांच्या पाठीशी राहिले. अखेर तलाव सर्वांसाठी खुला झाला.

१९३६ मध्ये मॅक्लेंडन यांनी पदवी मिळवली. त्या विद्यापीठातून शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले. आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून १९३७ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे दाखल झाले. ‘नॉर्थ कॅरोलिना कॉलेज फॉर निग्रोज’ असे त्या महाविद्यालयाचे तेव्हाचे नाव होते. आज ते नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल युनिव्हर्सिटी म्हणून ओळखले जाते. १९४० मध्ये ते तिथे मुख्य प्रशिक्षक झाले.

त्यांच्या संघाची खेळण्याची पद्धत वेगळी कशी होती?

त्या काळी बास्केटबॉल संथ होता. चेंडू इकडून तिकडे देत राहायचे, खात्रीची संधी मिळाली की फेकायचा. मॅक्लेंडन यांनी याच्या उलट केले. चेंडू हाती आला की प्रतिस्पर्धी सावरण्याआधी धावत सुटायचे आणि चेंडू गेला की पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्यावर दबाव ठेवायचा. या ‘फास्ट ब्रेक’ पद्धतीवर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले.

या पद्धतीचा संघयादीशी थेट संबंध होता. एवढे धावायचे तर पाच खेळाडू पुरत नाहीत. राखीव फळीतले खेळाडूही तितकेच तयार लागतात. त्यामुळे हंगामापूर्वी ते खेळाडूंना लांब पल्ल्याचे धावायला लावत. उंचपुरा खेळाडू मिळाला तर उत्तमच, पण न मिळाला तरी अडून राहायचे नाही, वेग आणि दम यांवर सामना काढायचा, हा त्यामागचा हिशेब होता. आघाडी मिळाल्यावर चार खेळाडूंनी चार कोपऱ्यांकडे पसरून चेंडू ताब्यात ठेवण्याच्या डावपेचाचे श्रेयही त्यांना दिले जाते. पुढे नॉर्थ कॅरोलिनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्यामुळे तो ‘फोर कॉर्नर्स’ म्हणून देशभर गाजला.

खेळाडू कुठून मिळत?

आज शाळकरी खेळाडूची चित्रफीत काही मिनिटांत देशभर पोहोचते. तेव्हा कृष्णवर्णीय शाळांचे सामने मोठ्या वृत्तपत्रांत क्वचितच छापून येत. शाळेतील प्रशिक्षकांशी असलेली ओळख, माजी विद्यार्थ्यांनी कळवलेली नावे आणि प्रत्यक्ष पाहिलेले सामने, एवढ्यावरच भरती चाले.

नॉर्थ कॅरोलिनातील लॉरिनबर्ग इन्स्टिट्यूट ही कृष्णवर्णीय मुलांची खासगी शाळा अशा खेळाडूंसाठी ओळखली जाई. तिथून १९५१ मध्ये सॅम जोन्स हा मुलगा मॅक्लेंडन यांच्याकडे आला. १९५७ मध्ये बोस्टन सेल्टिक्सने त्याला पहिल्या फेरीत निवडले, तेव्हा बोस्टनचे प्रशिक्षक रेड ऑरबॅक यांनी त्याला खेळताना पाहिलेही नव्हते. दुसऱ्याच्या शिफारशीवर त्यांनी ही निवड केली. जोन्सने पुढे बोस्टनसाठी एनबीएची १० विजेतेपदे जिंकली. एवढ्या क्षमतेचा खेळाडू छोट्या महाविद्यालयात खेळत होता आणि देशातील सर्वांत जाणत्या प्रशिक्षकाने त्याला पाहिले नव्हते. त्या काळात किती गुणवत्ता नजरेआड राहत होती, याचा अंदाज यावरून येतो.

नजरेआड राहू नये म्हणून मॅक्लेंडन यांनी व्यासपीठही उभे केले. कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या सीआयएए या गटासाठी त्यांनी काही सहकाऱ्यांसह वार्षिक स्पर्धा सुरू केली. पहिली स्पर्धा १९४६ मध्ये वॉशिंग्टनच्या टर्नर्स अरीनात झाली. अंतिम सामना तीन वेळा जादा वेळेत गेला आणि मॅक्लेंडन यांचाच संघ जिंकला. ही स्पर्धा आजही भरते.

बंद दाराआड झालेला सामना

१९४४ मधील एक घटना मात्र अर्धशतक जवळपास कुणालाच ठाऊक नव्हती. डरहॅममध्येच असलेल्या ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा संघ तेव्हा जोरात होता. महायुद्धाच्या काळात लष्कराच्या प्रशिक्षण कार्यक्रमातून तिथे आलेल्या विद्यार्थ्यांत चांगले महाविद्यालयीन खेळाडू होते. मॅक्लेंडन यांचा संघही त्या हंगामात एकच सामना हरला होता. शहर एकच, पण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय संघांनी एकमेकांविरुद्ध खेळणे तेव्हाच्या वर्णभेदी व्यवस्थेत अशक्य होते. हे उघड झाले असते तर खेळाडूंच्या जिवावरही बेतू शकले असते.

तरीही १२ मार्च १९४४ रोजी हा सामना झाला. रविवारची सकाळ निवडण्यात आली, कारण त्या वेळी शहरातील बहुतेक लोक चर्चमध्ये असत. ड्यूकचे खेळाडू गाड्यांतून आडवळणाने आले. व्यायामशाळेची दारे आतून बंद करण्यात आली. मॅक्लेंडन यांच्या संघाने ८८-४४ असा विजय मिळवला. त्यानंतर दोन्ही संघांतील खेळाडू आपापसात वाटून घेऊन ते पुन्हा खेळले. म्हणजे दुसऱ्या डावात प्रत्येक संघात गोरे आणि कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र होते. इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी १९९६ मध्ये लेख लिहून ही हकीकत उजेडात आणली.

राष्ट्रीय स्पर्धेचे दार कसे उघडले?

आपापसात कितीही सामने जिंकले, तरी राष्ट्रीय विजेता ठरण्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश हवा. एनसीएएच्या स्पर्धेत कृष्णवर्णीय महाविद्यालयांना स्थान नव्हते. मॅक्लेंडन यांनी इतर प्रशिक्षकांसह यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर दार उघडले ते एनएआयएने.

या संघटनेची स्पर्धा १९३७ मध्ये कॅन्सस सिटीत सुरू झाली होती आणि तिच्या उभारणीत खुद्द नेस्मिथ यांचा हातभार होता. तरी तिथेही कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. ती १९४८ मध्ये उठली. १९५३ मध्ये कृष्णवर्णीय महाविद्यालयांसाठी ‘डिस्ट्रिक्ट २९’ हा वेगळा विभाग करून त्याला स्पर्धेत एक जागा देण्यात आली. ३२ संघांत एक जागा. विभागही पुन्हा वर्णाच्याच आधारे केलेला. पण ती एक जागा पुरेशी ठरली.

मॅक्लेंडन १९५२ मध्ये डरहॅम सोडून हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १९५४ मध्ये नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय या महाविद्यालयात आले. आजची टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी ती हीच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एनएआयएने त्यांच्या संघाला कॅन्सस सिटीतील एका स्पर्धेसाठी बोलावले. मॅक्लेंडन यांनी अट घातली : इतर संघ जिथे राहतील आणि जेवतील, तिथेच आमचाही संघ राहील आणि जेवेल. अट मान्य झाली. त्यांचा संघ शहराच्या मध्यवर्ती भागातील हॉटेलात उतरला आणि स्पर्धा जिंकून परतला.

नॅशव्हिलचा संघ कसा जमला?

नॅशव्हिलमध्ये भरतीसाठी एक मोठी सोय होती. कृष्णवर्णीय शाळांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा १९४५ पासून याच महाविद्यालयाच्या आवारात भरत असे. देशातील उत्तम शाळकरी खेळाडू आपणहून अंगणात येत.

पण मॅक्लेंडन यांच्या संघातील सर्वांत गाजलेली जोडी आली ती उत्तरेकडील इंडियाना राज्यातून. डिक बार्नेट हा गॅरी या पोलाद कारखान्यांच्या शहरातील. १९५५ मध्ये इंडियानाच्या शालेय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याची रूझवेल्ट शाळा इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अॅटक्स शाळेकडून ९७-७४ अशी हरली होती. विजयी संघात ऑस्कर रॉबर्टसन होता. दुसरा खेळाडू जॉन बार्नहिल. तो इव्हान्सव्हिलचा. गॅरीहून सुमारे ७०० किलोमीटर दक्षिणेला, वर्णभेदाचे कायदे असलेल्या राज्यात शिकायला येणे ही या मुलांसाठी साधी गोष्ट नव्हती. बसपासून उपाहारगृहापर्यंत सगळीकडे वेगळ्या जागा होत्या.

मार्च १९५७ मध्ये टेनेसी ए अँड आयने कॅन्सस सिटीच्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये साउथईस्टर्न ओक्लाहोमाला ९२-७३ असे हरवून एनएआयएचे विजेतेपद मिळवले. राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे हे पहिले कृष्णवर्णीय महाविद्यालय ठरले. त्याच महिन्यात, त्याच सभागृहात एनसीएएचा अंतिम सामना झाला. त्यात मॅक्लेंडन यांना ज्या विद्यापीठाच्या संघात जागा नव्हती, त्या कॅन्ससकडून विल्ट चेंबरलेन खेळत होता. समोरच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या संघात मात्र एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

१९५८ मध्ये मॅक्लेंडन यांच्या संघाने तोवर अपराजित असलेल्या वेस्टर्न इलिनॉयला ८५-७३ असे नमवले. १९५९ मध्ये पॅसिफिक ल्युथरनवर ९७-८७ अशी मात केली. सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा हा महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील पहिला संघ. बार्नेट १९५८ आणि १९५९ या दोन्ही वर्षी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाच हंगामांत मॅक्लेंडन यांच्या संघाने येथे १४९ सामने जिंकले आणि फक्त २० गमावले. तरीही या विजेत्यांना नॅशव्हिलच्या बाजारपेठेतील दुकानांत गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवता येत नव्हते. त्यासाठी १९६० मध्ये विद्यार्थ्यांना धरणे धरावे लागले. त्यात याच महाविद्यालयाचे विद्यार्थीही होते.

व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये काय घडले?

१९५९ मध्ये मॅक्लेंडन क्लीव्हलँड पायपर्स या संघाकडे गेले. १९६१ मध्ये हा संघ अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये दाखल झाला आणि मॅक्लेंडन हे व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले. त्यांचे जुने विद्यार्थी बार्नेट आणि बार्नहिल पुन्हा त्यांच्या संघयादीत आले. बार्नेट एनबीएतील सिरॅक्युजचा संघ सोडून आल्याने त्या संघाने त्याच्याविरुद्ध ओहायोतील न्यायालयात दावाही लावला.

पायपर्सचे मालक होते जॉर्ज स्टाइनब्रेनर. पुढे ते न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचे मालक म्हणून प्रसिद्ध झाले. खेळाडूंच्या पगारावरून दोघांत वाद झाला. मॅक्लेंडन यांनी खेळाडूंची बाजू घेतली आणि जानेवारी १९६२ मध्ये राजीनामा दिला. त्या हंगामात पायपर्सने विजेतेपद मिळवले, पण तेव्हा प्रशिक्षकपदावर बिल शारमन होते.

१९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेटने त्यांना नेमले. बहुसंख्य गोरे विद्यार्थी असलेल्या विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य बास्केटबॉल प्रशिक्षक. तिथे तीन हंगामांत जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त होते. १९६९ मध्ये एबीएतील डेन्व्हर रॉकेट्सनेही त्यांना २८ सामन्यांतच दूर केले. पहिला मान मिळाला, पण स्थिरावायला वेळ मिळाला नाही. त्यांनी कॉन्व्हर्स या बूट कंपनीसाठी देशोदेशी बास्केटबॉलचा प्रसार केला. १९६८ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक चमूतील ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य होते.

दार उघडले, मग खेळाडू का गेले?

मॅक्लेंडन यांच्या तीन विजेतेपदांनी एक गोष्ट सिद्ध केली. समान संधी मिळाली तर कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे संघ कुणालाही हरवू शकतात. त्याचा दुसरा अर्थही मोठ्या विद्यापीठांच्या लक्षात आला. ज्या मुलांकडे आपण पाहत नाही, ती घेतली तर आपण जिंकू. १९६६ मध्ये टेक्सस वेस्टर्नने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात करून केंटकीच्या गोऱ्या संघाला एनसीएएच्या अंतिम सामन्यात हरवले आणि उरलीसुरली शंका मिटली.

लॉरिनबर्गच्या शाळेचेच उदाहरण पुरेसे आहे. १९५१ मध्ये तिथून सॅम जोन्स डरहॅमच्या छोट्या महाविद्यालयात आला होता. १९६६ मध्ये त्याच शाळेतून चार्ली स्कॉट शेजारच्या चॅपल हिलमध्ये, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेला. शिष्यवृत्तीवर खेळणारा तो तिथला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. शाळा तीच, १५ वर्षांत वाट बदलली.

स्कॉटसारख्या मुलांना हवे ते विद्यापीठ निवडता येऊ लागले, हाच तर मॅक्लेंडन यांच्या लढ्याचा हेतू होता. पण पैसा, मोठी सभागृहे आणि टीव्ही यांच्याशी स्पर्धा करण्याची ताकद कृष्णवर्णीय महाविद्यालयांकडे नव्हती. १९६०च्या दशकात विलिस रीड ग्रॅम्ब्लिंगमधून आणि अर्ल मन्रो विन्स्टन-सेलममधून एनबीएत गेले. त्यानंतर अशी नावे विरळ होत गेली. वर्णाची भिंत पडली, पैशाची तशीच राहिली.

मान मिळाला, पण उशिरा

महाविद्यालयीन स्तरावर मॅक्लेंडन यांच्या नावावर ५२३ विजय आणि १६५ पराभव आहेत. १९७९ मध्ये नेस्मिथ यांच्या नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, पण तो ‘योगदान देणारी व्यक्ती’ म्हणून. प्रशिक्षक म्हणून त्यांना तिथे स्थान मिळाले ते २०१६ मध्ये. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले होते. टेनेसीच्या तीन वेळच्या विजेत्या संघाला २०१९ मध्ये हा मान मिळाला. त्यासाठी बार्नेटने अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. २०२४ मध्ये स्वत: बार्नेटचीही निवड झाली. एप्रिल २०२५ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आज ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव नोंदवणाऱ्या छोट्या महाविद्यालयातील खेळाडूला बेइमान ठरवणे सोपे असते. मॅक्लेंडन यांचा काळ पाहिला की त्याची दुसरी बाजू दिसते. त्यांच्या संघातील मुलांना जाण्यासाठी दुसरी जागाच नव्हती. त्यामुळे राहिलेले खेळाडू निष्ठेने राहिले की नाइलाजाने, हे ठरवता येत नव्हते. आता जाता येते आणि म्हणून राहण्यालाही अर्थ आला आहे. छोट्या महाविद्यालयाच्या प्रशिक्षकापुढचे काम मात्र बदललेले नाही. इतरांच्या नजरेतून सुटलेला मुलगा आधी हेरायचा, त्याला घडवायचे आणि तो निघून जाईल हे धरूनच पुढच्या हंगामाची यादी करायला घ्यायची.